इटालियन मोटरसायकल : सांभाळणे, दुरुस्ती आणि घाटरस्ते

लारिओतीर

मंडळी, दुसऱ्या एका धाग्यावर ‘इटालियन मोटरसायकल म्हणजे दारात बांधलेला पांढरा हत्ती’ असे विधान वाचले. तिथेच उत्तर दिले असते तर मूळ विषयाला फाटे फुटले असते, म्हणून हा वेगळा धागा काढत आहे. मी अकरा वर्षे नोकरीनिमित्त उत्तर इटलीत लेक्को येथे राहतो. इथून दहा-अकरा किलोमीटरवर, कोमो सरोवराच्या काठी, मान्देल्लो देल लारिओ हे गाव आहे आणि १९२१ मध्ये स्थापन झालेल्या मोटो गुत्सी कंपनीचा कारखाना आजही तिथेच आहे. (आपल्याकडे ‘गुझी’ म्हणतात. इथे तसे म्हटले की सुट्या भागांचा दुकानदार आधी उच्चार सुधारतो आणि मग वॉशर देतो.)

माझी गाडी २०१७ सालची, गुत्सीचीच ‘व्ही-७ तीन’ आहे. २०१९ मध्ये मी ती जुनी म्हणून घेतली आणि आता तिचे सेहेचाळीस हजार किलोमीटर झाले आहेत. इंजिन ७४४ सीसीचे, ताकद ५२ अश्वशक्ती. एवढ्या सीसीला एवढीच ताकद, हे ऐकून आजची मुले हसतील आणि त्यांचे हसणे रास्तही आहे. परंतु या गाडीचे शहाणपण ताकदीत नसून मांडणीत आहे. हिचा क्रँकशाफ्ट गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेला असतो, दोन्ही सिलिंडर ९० अंशांच्या कोनात टाकीखालून डावी-उजवीकडे बाहेर आलेले असतात आणि मागच्या चाकाला चेनऐवजी शाफ्टने गती मिळते. उभ्या गाडीला रेस दिली की ती अंग टाकल्यासारखी उजवीकडे झुकते. पहिल्या दिवशी मला स्टँड घसरला असेच वाटले होते. ही मांडणी १९६७ च्या पहिल्या व्ही-७ पासून चालत आली आहे. तिचे इंजिन ज्युलियो चेझारे कार्कानो यांचे, म्हणजे ज्यांनी त्याआधी १९५५ मध्ये ५०० सीसीची आठ सिलिंडरांची शर्यतीची गाडी उभी केली होती, त्याच गृहस्थांचे.

सिलिंडर बाहेर असल्याचा व्यवहारातला अर्थ असा, की टॅपेट सेटिंगसाठी, म्हणजे व्हॉल्व्हची फट (गॅप) जुळवण्यासाठी, टाकी उतरवावी लागत नाही. इंजिन रात्रभर थंड होऊ द्यायचे, प्लग काढायचे, गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचे चाक हाताने फिरवत पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणायचा, झाकण उघडून फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवायचे, नट सैल करून स्क्रू फिरवायचा आणि नट पुन्हा आवळायचा. आवळताना स्क्रू किंचित सोबत फिरतो, म्हणून आवळल्यानंतर गेज पुन्हा घालून पाहायचे. दर दहा हजार किलोमीटरला हे काम येते आणि सवय झाल्यावर रविवारच्या सकाळी तासाभरात आटोपते. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा ड्राइव्ह यांचे ऑईल वेगवेगळे असते. पहिल्याच ऑईलची आठवण ठेवून बाकीची दोन विसरणारे मी बरेच पाहिले आहेत, आणि पहिल्या वर्षी त्यांत मीही होतो.

आता मूळ मुद्दा. माझ्या अनुभवाने या गाड्यांना किलोमीटरपेक्षा मुक्काम अधिक नडतो. पहिल्या हिवाळ्यात मी गाडी चार महिने तळघरात ठेवली, टाकी अर्धी रिकामी आणि बॅटरी जोडलेलीच. मार्चमध्ये चावी फिरवली तर डॅशबोर्डवर निरनिराळ्या चुका झळकू लागल्या आणि इंजिन काही सुरू होईना. एका गॅरेजवाल्याने दोन सेन्सर बदलून चांगले बिल केले, तरी चार दिवसांनी पहिले पाढे पंचावन्न. शेवटी मीच मल्टीमीटर घेऊन बसलो. बॅटरी विश्रांतीत १२.१ व्होल्ट दाखवत होती, जिथे भरलेल्या बॅटरीने १२.६ च्या आसपास दाखवायला हवे, आणि अर्थिंगच्या बोल्टखाली हिरवट गंज होता. बॅटरी बदलली, बोल्ट घासला आणि त्यानंतर आजतागायत डॅशबोर्डवर एकही चूक झळकलेली नाही. तेव्हापासून नोव्हेंबरात टाकी काठोकाठ भरणे, बॅटरीला सावकाश चार्ज करणारा चार्जर जोडणे आणि दर दोन वर्षांनी ब्रेक ऑईल बदलणे, मग वर्षात दोनच हजार किलोमीटर झालेले का असेनात, हा नेम मी मोडत नाही.

प्रवासाबद्दलही थोडे लिहितो. लेक्कोहून सरोवराच्या काठाने कोलिको, तिथून वाल्तेल्लिनाच्या खोऱ्यातून सोंद्रियो आणि तिरानो करत बोर्मिओ, असा सुमारे दीडशे किलोमीटरचा रस्ता आहे. बोर्मिओहून स्तेल्व्हिओचा घाट सुरू होतो आणि माथ्याची उंची २,७५७ मीटर भरते. कार्लो दोनेगानी या अभियंत्याने १८२० ते १८२५ या काळात, हा मुलूख ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात असताना, तो बांधला. पलीकडच्या, म्हणजे प्रातोच्या बाजूला ४८ वळणे आहेत आणि प्रत्येकावर क्रमांकाचा दगड आहे. माझ्या गाडीचा क्लच कोरडा, एका प्लेटचा आहे. त्याला ऑईलचा गारवा नसल्यामुळे एखाद्या कॅम्परच्या मागे अर्धा क्लच धरून ही वळणे चढत राहिले, की दहाव्या-बाराव्या वळणावर जळका वास येतो. यावर उपाय एकच, आणि तो संयमाचा : वळणाआधी थांबून पुढच्याला जाऊ द्यावे, मग पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून वळण घ्यावे. उतरताना इंजिनाच्या ओढीवर उतरावे, ब्रेक दाबून धरू नयेत. हे वरंध्यात किंवा ताम्हिणीत शिकलेल्या माणसाला सांगावे लागू नये, पण सुट्टीवर आलेला माणूस शिकलेले विसरतो.

वरंधघाट

लेख आवडला, परंतु कारखान्यापासून दहा किलोमीटरवर राहून इटालियन गाडी सोपी आहे असे म्हणणे म्हणजे नदीकाठच्या माणसाने पाण्याच्या टँकरवाल्याला उपदेश करण्यासारखे आहे. मी पुण्यात डुकाटी स्क्रॅम्बलर चालवतो, ८०३ सीसीची, हवेने थंड होणारी. तिच्यात टॅपेटचा स्क्रू नसतो, डेस्मो (व्हॉल्व्ह स्प्रिंगशिवाय मिटवणारी रचना) असते, आणि व्हॉल्व्ह तपासायचे तर टाकी उतरवण्यापासून सुरुवात होते. कॅमशाफ्ट फिरवणारे बेल्ट रबराचे असतात, ते किलोमीटर झाले नसले तरी पाच वर्षांनी बदलावेच लागतात. बेल्ट तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात आणि मग गोष्ट बेल्टच्या किमतीत राहत नाही. सिंहगड रस्त्यावर संध्याकाळी सहा वाजता मागच्या सिलिंडरची धग मांडीला लागते, ती वेगळीच.

उभ्या गाडीचा आपला मुद्दा मात्र मला पटतो, आणि इथे त्यात पेट्रोलचीही भर पडली आहे. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते, म्हणून पावसाळ्यात दोन महिने गाडी उभी ठेवायची असेल तर टाकीत काय आणि किती ठेवायचे, हा विचार करावाच लागतो. त्यातून काही जुन्या इटालियन गाड्यांच्या टाक्या नायलॉनच्या होत्या आणि इथेनॉलने त्या फुगत, इतक्या की काढलेली टाकी पुन्हा जागेवर बसत नसे. अमेरिकेत यावरून कोर्टकज्जेही झाले. सुदैवाने माझी टाकी पत्र्याची आहे. सुट्या भागांसाठी थांबावे लागते त्याबद्दल लिहीत नाही, कारण मग मी लिहीतच राहीन. एवढेच सांगतो की एका क्लच लिव्हरसाठी सात आठवडे गेले आणि तेवढे दिवस मी ऑफिसला पत्नीच्या स्कूटरने गेलो.

जुनाफिटर

मी कोल्हापुरात चाळीस वर्षे गॅरेज चालवले, आता मुलगा पाहतो. इटालियन यंत्राशी माझी ओळख लँब्रेटा स्कूटरपासूनची आहे. मुंबईत जुळवलेल्या लँब्रेटा आमच्याकडे येत आणि आम्ही त्यांना शिव्या देत देत त्यांच्यावरच काम शिकलो.

लारिओतीर यांनी टॅपेटची कृती बरोबर लिहिली आहे, पण नव्या माणसासाठी एक गोष्ट जोडतो. वाजणाऱ्या टॅपेटला लोक घाबरतात आणि गप्प टॅपेटवर खूश होतात, प्रत्यक्षात उलट व्हायला हवे. व्हॉल्व्ह हळूहळू सीटमध्ये बसत जातो, त्यामुळे गॅप कमी होत जातो आणि आवाजही कमी होतो. गॅप संपला की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, आणि एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह आपली उष्णता सीटला टेकूनच उतरवत असल्यामुळे तो जळतो. म्हणून गिऱ्हाईक ‘मामा, इंजिन कसे मऊ वाजतेय बघा’ म्हणत आला, की मी आधी गेज काढत असे.

माझी शंका वेगळी आहे. डेस्मोबद्दल मी पुष्कळ ऐकले, पण उघडलेले इंजिन कधी पाहिले नाही. स्प्रिंग नाही, तर व्हॉल्व्ह मिटतो कसा? आणि सुरू होताना, कॉम्प्रेशन नसताना, गळत कसा नाही? कोणी जाणकाराने सांगावे.

रातिकोसा

काका, मी बोलोन्यात राहते. डुकाटीचा बोर्गो पानिगाले येथील कारखाना माझ्या घरापासून बसने जाण्याच्या अंतरावर आहे. तिथे काम मात्र मी करत नाही. माझ्याकडे डुकाटीचीच जुनी मॉन्स्टर आहे आणि तिचे व्हॉल्व्ह मी एका स्थानिक मेस्त्रीच्या हाताखाली दोन वेळा तपासले आहेत, त्या आधाराने सांगते.

प्रत्येक व्हॉल्व्हसाठी कॅमवर दोन उंचवटे असतात आणि दोन रॉकर असतात. एक रॉकर नेहमीप्रमाणे व्हॉल्व्ह खाली दाबतो. दुसऱ्याचे टोक काट्यासारखे दुभागलेले असते, ते व्हॉल्व्हच्या दांडीवर बसवलेल्या टोपीखाली शिरून व्हॉल्व्हला वर उचलते आणि मिटवते. म्हणजे उघडणे आणि मिटणे ही दोन्ही कामे कॅमच करतो. तुमच्या दुसऱ्या शंकेचे उत्तर असे, की मिटवणाऱ्या रॉकरवर एक छोटी, नाजूक पिळाची स्प्रिंग असतेच. ती व्हॉल्व्ह मिटवण्यासाठी पुरेशी नसते, पण शेवटचा केसभर गॅप भरून काढते, म्हणून इंजिन सुरू होताना गळती होत नाही. अर्थात गॅपही दोन मोजावे लागतात, उघडण्याचा वेगळा आणि मिटण्याचा वेगळा, आणि ते स्क्रूने नव्हे तर ठरावीक जाडीच्या शिम (धातूच्या छोट्या चकत्या) बदलून जमवायचे असतात. मिटवणारी शिम दोन अर्ध्या तारेच्या कड्यांवर टेकलेली असते. ही कडी हातातून सुटून इंजिनात पडू नये म्हणून माझा मेस्त्री आधी सगळ्या भोकांत चिंध्या कोंबतो आणि मगच पुढे सरकतो.

हे सगळे कशासाठी, तर १९५०च्या दशकात स्प्रिंगचे पोलाद भरवशाचे नव्हते. जास्त फेऱ्यांवर स्प्रिंगा तुटत, किंवा व्हॉल्व्ह वेळेत परत येत नसत. फाबिओ तालियोनी यांनी १९५६ मध्ये १२५ सीसीच्या शर्यतीच्या गाडीत ही रचना बसवली आणि ती गाडी स्वीडनमधली पहिलीच शर्यत जिंकली. रस्त्यावरच्या गाडीत ती १९६८ मध्ये आली. पुढे स्प्रिंगा सुधारल्या, तरी कंपनीने डेस्मोला कुळाचारासारखे जपले. मात्र २०२० मध्ये दाखवलेल्या मल्टीस्ट्राडा व्ही-४ मध्ये त्यांनी साध्या स्प्रिंगा घातल्या आणि व्हॉल्व्ह तपासणी साठ हजार किलोमीटरवर नेली. नव्या ८९० सीसीच्या व्ही-२ इंजिनातही स्प्रिंगाच आहेत. इथल्या कॅफेत त्यावर झालेले वाद ऐकण्यासारखे होते. माझे मत विचाराल तर लांबचा प्रवास करणाऱ्याने स्प्रिंगवाली घ्यावी आणि ज्याला यंत्र उघडण्यातच आनंद आहे त्याने डेस्मो घ्यावी. दोन्ही हव्या असणाऱ्याने मेस्त्रीशी मैत्री करावी.

प्रवासाबद्दल एक पुरवणी. स्तेल्व्हिओ सगळ्यांना माहीत असतो, पण आमचा रोजचा घाट बोलोन्याहून फ्लोरेन्सकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावरचा रातिकोसा आणि फूता. उंची एक हजार मीटरलाही पोहोचत नाही, पण रस्ता डोंगराच्या धारेवरून लांब, एकातून एक निघणाऱ्या वळणांनी जातो आणि तिसऱ्या गिअरमध्ये तासभर चालवत राहावे असा आहे. रविवारी रातिकोसाच्या माथ्यावर शेकडो गाड्या उभ्या असतात. फूताला दुसऱ्या महायुद्धातील जर्मन सैनिकांची मोठी दफनभूमी आहे. गाडी बंद करून तिथे थोडे चालावे.

नाशिक_दुचाकी

येत्या सप्टेंबरात मी आणि सौ. दोन आठवड्यांसाठी इटलीत येणार आहोत आणि त्यांतले सात दिवस भाड्याच्या मोटरसायकलवर काढावेत असा विचार आहे. माझे वय ५४ आहे, घरी ३५० सीसीची गाडी आहे आणि त्याहून जड गाडी आजवर चालवलेली नाही. भारतातला परवाना तिथे चालतो का, कोणती गाडी घ्यावी आणि आम्ही शाकाहारी असल्याने घाटात खाण्याचे काय, हे तिघांपैकी कोणीही सांगावे.

लारिओतीर

नाशिककर, क्रमाने सांगतो. पर्यटक म्हणून आलात तर भारतीय परवाना आणि त्यासोबत आपल्या आरटीओने दिलेला आंतरराष्ट्रीय परवाना, असे दोन्ही कागद मूळ स्वरूपात जवळ असावे लागतात. मोटरसायकलचा वर्ग दोन्हींवर छापलेला आहे ना, हे निघण्यापूर्वी पाहा. इथे स्थायिक झालेल्यांची गोष्ट निराळी आहे. वर्षभरानंतर आपला परवाना इथे निरुपयोगी होतो आणि भारताशी अदलाबदलीचा करार नसल्याने पहिल्यापासून परीक्षा द्यावी लागते. आता लेखी परीक्षेत तीस विधाने असतात, प्रत्येक चूक की बरोबर ते सांगायचे, चुका तीनच चालतात आणि सगळे इटालियन भाषेत. माझ्या परीक्षेत उतारावरचा ट्रक, बैलगाडीसारखे एक वाहन आणि पादचारी यांत कोणाला आधी जाऊ द्यावे, असे एक विधान होते. नगर जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला त्याचे उत्तर अनुभवाने येते आणि ते नेमके चुकते.

गाडीचे म्हणाल तर दोघे आणि सामान असल्याने गुत्सीची व्ही-८५ टीटी पाहावी. तिचे इंजिन ८५३ सीसीचे, शाफ्ट असल्यामुळे चेनला ऑईल घालण्याची कटकट नाही आणि टाकी २३ लिटरची आहे. पण ती भरलेली असताना उभ्याने ढकलणे तुम्हांला जड जाईल, म्हणून पहिला दिवस घाटाचा ठेवू नका. सरोवराच्या काठाने सपाट रस्त्यावर फिरा आणि सौभाग्यवतींना मागे बसवून यू-वळणाचा सराव करा. लेक्को-कोलिको रस्त्यावर लांब बोगदे आहेत, काळी व्हायझर लावून त्यांत शिरू नका. त्याऐवजी जुना काठचा रस्ता घेतलात तर मान्देल्लो वाटेतच लागते. तिथे सप्टेंबरमध्ये जगभरचे गुत्सीवाले जमतात, त्या दिवसांत गावात खोली मिळत नाही, तारखा आधी पाहा.

स्तेल्व्हिओ सप्टेंबरात सहसा उघडा असतो, पण माथ्यावर बर्फ पडू शकतो, म्हणून दुपारी दोननंतर चढायला सुरुवात करू नये. ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरच्या आरंभी एक दिवस तो फक्त सायकलवाल्यांसाठी राखलेला असतो, नेमक्या त्या दिवशी जाऊन परत फिरलेले दोघे पुणेकर मला माहीत आहेत. बोर्मिओहून लिव्हिन्योला गेलात तर तिथे करमुक्त पेट्रोल मिळते, टाकी तिथेच भरावी. शहरांच्या जुन्या भागांत मर्यादित वाहतुकीचे विभाग असतात, त्यांच्या तोंडाशी कॅमेरे असतात आणि दंडाची चिठ्ठी काही महिन्यांनी भाड्याच्या कंपनीमार्फत नाशिकला पोहोचते. गाडी बाहेर लावून चालत जावे.

खाण्याची चिंता वाल्तेल्लिनात तरी नको. तिथले पित्सोक्केरी म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या पट्ट्या, बटाटा, कोबी, चीज आणि लसणीची फोडणी दिलेले लोणी. मात्र एक वाटी खाऊन लगेच घाट चढू नये, झोप येते.

वरंधघाट

टँकरवाला पुन्हा आला आहे. आपल्या सांगण्यावरून काल माझी बॅटरी मोजली, १२.२ निघाली. चार्जर मागवला आहे. दरम्यान ज्यांना इटालियन नाव आणि जवळचे भाग दोन्ही हवे आहेत, त्यांच्यासाठी नोंद करतो, की एप्रिलियाची आरएस ४५७ बारामतीत तयार होते. तिला इटालियन म्हणायचे की नाही यावर मला वाद घालायचा नाही, बेल्ट नाही एवढे मला पुरे आहे. माझ्या स्क्रॅम्बलरची व्हॉल्व्ह तपासणी पुढच्या महिन्यात आहे.

जुनाफिटर

रातिकोसाताई, समजले. चिंध्यांची गोष्ट वाचून तुमचा मेस्त्री खरा आहे हेही समजले. वरंधघाट, तुमची गाडी ज्या दिवशी उघडणार असतील तो दिवस मला कळवा, मी कोल्हापूरहून सकाळच्या एसटीने येतो. हात लावणार नाही, कोणाला काही शिकवणारही नाही. तो दुभागलेला रॉकर एकदा कॅमवर फिरताना पाहायचा आहे, आणि शिम मोजायला कोणाकडे मायक्रोमीटर नसला तर माझा आणीन.